आईच्या पालकांना बोलावलंय

"या वयात शिंगं मोडून वासरांत शिरतेस?" माझ्या आईनं पस्तिशीत कॉलेजात नाव घातलं तेव्हा मामानं विचारलं. आईनं भांडी घासता घासताच उत्तर दिलं, "मोडली नाहीत, आहेत अजून. जवळ ये, दाखवते." मामा जवळ गेला नाही.

बाबा दुसरा संसार थाटून कधीच निघून गेले होते. घरात मी आणि आई, दोघीच. आई बेकरीत कामाला. पहाटेच भट्टीवर जायची, पावांची शेवटची खेप बाहेर काढली की धावत घरी, माझा डबा भरून तशीच कॉलेजात, भुवयांवरचं पीठ न पुसता. पहिल्याच दिवशी एका पोरानं तिला सफाईवाली समजून हातात चहाचा रिकामा कप दिला. "खाली ठेव," ती म्हणाली, "आणि सरक. मला बसायचंय." तेव्हापासून वर्ग तिला मावशी म्हणायला लागला आणि ती सगळ्या वर्गाला नालायक. दोन्हीकडून प्रेमानंच.

पण पहिला तास रोज बुडायचा. परीक्षा तोंडावर आली आणि उपप्राचार्यांनी तिला बोलावलं. हजेरी कमी आहे, पालकांना घेऊन या, नाहीतर परीक्षा विसरा.

"सर, मीच पालक आहे. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे."

"नियम सगळ्यांना सारखा. वडील, भाऊ, घरातलं कोणीही चालेल."

आईचे वडील केव्हाच वारलेले. मामा मात्र लगेच तयार झाला, तेव्हाच मला शंका आली. "येतो की," तो म्हणाला. "येतो आणि सांगतो, हिचं नाव काढून टाका. पोरीकडे लक्ष द्यायचं सोडून हे कसलं खूळ?"

तो गेल्यावर आईनं तिची पुस्तकं मिटून ठेवली. मला वाटलं, संपलं सगळं. मला रडायला येत होतं. तिच्या पुस्तकांसाठी मी माझं अर्धं टेबल सोडलं होतं आणि ते मला परत नको होतं.

मग तिनं विचारलं, "उद्या शाळेला दांडी मारशील?"

उपप्राचार्यांसमोर एकच खुर्ची होती. आईनं मला तिच्यात बसवलं आणि स्वतः हाताची घडी घालून शेजारी उभी राहिली.

"हे काय?"

"घरातलं कोणीही, म्हणालात. घरात आम्ही दोघीच आहोत."

हसावं की रागवावं, त्यांना कळेना. मग त्यांनी माझी फिरकी घ्यायचं ठरवलं. "काय बाई, तुमची मुलगी पहिल्या तासाला का येत नाही?"

"ती भट्टीवर असते."

"घरी अभ्यास करते?"

"करते. मध्येच डुलकी लागते, मग मी उठवते."

"उठते का?"

"कुरकुर करते. पण उठते."

खोटं बोलायचं नाही, असं आईनं वाटेत बजावलं होतं.

"ठीक आहे. यापुढे तिला उशीर होणार नाही, एवढं कबूल करा. परीक्षेला बसू देतो."

हो म्हणणं सोपं होतं. मी आईकडे पाहिलं. ती भिंतीकडे बघत होती, काही मदत करेना. मला एकदम त्या माणसाचा राग आला.

"उशीर होणार," मी म्हणाले. "भट्टी सोडली तर आम्ही खाणार काय? उशीर होईल, पण ती येईल. बाकीचा एक तरी तास तिनं बुडवलाय का, ते बघा ना."

त्यांनी हजेरीपट उघडून पाहिला. बुडवला नव्हता. मग त्यांनी पालकांच्या सहीचा कागद माझ्यापुढे सरकवला. माझ्या प्रगतिपुस्तकावर आई करायची तशीच झोकदार सही मी ठोकली. त्या परीक्षेत आई दोन विषयांत काठावर पास झाली आणि आठवडाभर मिरवत होती.

पण सही केली त्या संध्याकाळी निकालाचा अजून पत्ता नव्हता. मामा मात्र हजर झाला. "मग? कोणाला नेलंस शेवटी?"

"घरातल्या कर्त्या माणसाला."

मामा आतल्या खोलीत डोकावून आला, नवीन कोणी आलंय की काय ते बघायला. मी माझ्या अर्ध्या टेबलावर गणितं सोडवत बसले होते.