डोहावरची

बाईंनी खडू टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "आपल्या गावाला लोक लाडाने काय म्हणतात, ते प्रत्येकाने सांगायचं."

पेणची शाळा. मी पाचवीत. वसतिगृहात राहून शिकत होते. पुढच्या बाकावरची मुलगी उठली. "पेण म्हणजे बाप्पाचं गाव." टाळ्या. हमरापूरचा एक जण म्हणाला, "आमचं मूर्तींचं गाव. आमच्याकडचे गणपती परदेशात जातात." पुन्हा टाळ्या.

माझी पाळी आली. मी तोंड उघडायच्या आधीच मागून आवाज आला, "उंदीरवाडी."

वर्ग हसला. बाईसुद्धा हसल्या. मग म्हणाल्या, "हसू नका रे. तिला सांगू दे. सांग गं, उंदीरवाडीच ना?"

मी म्हटलं, "हो बाई."

टाळ्या नाहीत. बाईंनी खाली बसायला सांगितलं, बसले. रडू आलं नाही. काहीच आलं नाही.

आम्ही कातकरी. नागोठणे आणि गडबच्या मध्ये, हायवेपासून आत, ओढ्याच्या काठाला आमची वाडी. ओढ्याचं पाणी तिथे खोल आहे, उन्हाळ्यातही आटत नाही. म्हणून आमची माणसं वाडीला डोह म्हणतात. सोयऱ्याधायऱ्यांत आम्ही डोहावरचे. सरकारी कागदावर नुसतं 'आदिवासीवाडी'. उंदीरवाडी हे गाववाल्यांनी ठेवलेलं. भात पिकलं की उंदीर बांध पोखरायचे. शेतकरी स्वतः माझ्या बापाला बोलवायला यायचे. बाप बिळं खणायचा. उंदीर आम्ही भाजून खायचो. चांगले लागतात. त्यात लपवण्यासारखं काही नाही. बांध त्यांचा वाचायचा, नाव आम्हाला पडायचं.

दहावीनंतर शाळा सुटली. धाटावच्या एका कंपनीत ठेकेदाराकडे साफसफाईला लागले. पहिली शिफ्ट सुटली की कंपनीची बस पेणकडे निघते. थांबा आला की ड्रायव्हर नाव घेतो. माझ्या थांब्याला म्हणायचा, "चला, उंदीरवाडी." बसमध्ये कोणी हसत नसे. हसण्यासारखं त्यात काही उरलंच नव्हतं. मीही उठायचे, डबा उचलायचे, उतरायचे. अशी वर्षं गेली. मुंग्या येऊन पाय बधिर होतो, तसं काहीतरी आत झालं होतं. दुखत नव्हतं, एवढंच.

मग आई तापाने पडली. तिला पेणला दवाखान्यात नेलं. खिडकीतल्या माणसाने विचारलं, "गाव?"

मी बोलणार, तेवढ्यात आईच म्हणाली, "उंदीरवाडी, साहेब." आणि हसली. त्याला बरं वाटावं म्हणून हसली.

बाहेर बाकड्यावर बसल्यावर मी विचारलं, "आये, असं का सांगितलंस?"

"दुसरं सांगितलं तर कोणाला कळत नाय गो. हे सांगितलं का लगेच कळतं."

तिचा हात तापाने चटके देत होता. मी तो धरून बसले. ती माझी आई. तिने जंगल तुडवलं, मोळ्या वाहिल्या, कोणाच्या दारात हात पसरला नाही. आणि स्वतःची शिवी स्वतःच पुढे करत होती. मुकाट्याने. मी बसमधून उतरत होते, अगदी तशी.

आईचा ताप उतरल्यावर पुढच्या आठवड्यात कामावर गेले. येताना थांबा आला. "चला, उंदीरवाडी."

मी उठले नाही.

ड्रायव्हरने आरशातून पाहिलं. "काय गो, उतरायचं नाय? तुझी वाडी आली."

"त्या नावाची माझी वाडी नाय. डोह म्हणा, उतरते."

शेजारी पेणची बाई बसली होती, माझ्याबरोबरच काम करणारी. ती हळू म्हणाली, "जाऊ दे ना गो. गमतीत म्हणतो तो."

ड्रायव्हरने गाडी पुढे काढली. मला गडबला सोडलं. हायवेच्या कडेने उन्हातून चालत परत आले. ट्रेलर अंगाला घासल्यासारखे जात होते. भीती वाटली नाही, राग आला नाही. फक्त पाय चालत होते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी ठेकेदाराने बोलावलं. "बसमध्ये नाटकं करतेस म्हणे. काम हवंय का नाय?"

"हवंय."

"मग?"

"त्याला डोह म्हणायला सांगा. नायतर रोज चालत जाईन."

तो कागद चाळत राहिला. मी उभी राहिले. शेवटी त्याने हाताने जा म्हटलं.

त्यानंतर ड्रायव्हर थांब्याला गाडी थांबवतो. तोंडातून शब्द काढत नाही. बाकी सगळ्या थांब्यांची नावं घेतो, माझ्याच थांब्याला गप्प. पेणची बाई माझ्या शेजारी बसत नाही. मी जिंकले असं मला वाटत नाही.

आता पंचायत हायवेला वाड्यांचे फलक लावते आहे. मी मेंबरकडे गेले. आमच्या वाडीचं नाव डोह लिहा म्हटलं. तो म्हणाला, "आदिवासीवाडी लिहितो. सगळ्यांना कळतं."

"आम्हाला कळत नाय," मी म्हटलं. "असल्या वाड्या तालुक्यात ढीगभर. आमची कुठली?"

"बघू."

बघा. खांब रोवायला माणसं येतील, त्या दिवशी मी कामावर जाणार नाही. फलकावर दुसरं काही लिहिलेलं असेल तर रोवू देणार नाही. रोवलाच, तर उपटून काढीन. भर दिवसा, सगळ्यांच्या देखत. आणि कोणी उपटला विचारलं, तर माझं नाव सांगेन, पुढे वाडीचं.