पडदा गेलेली डिजिटल डायरी

यंदा जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी माझ्या डिजिटल डायरीचा पडदा कोरा झाला. कळ दाबली की आवाज येत होता. म्हणजे आतला मजकूर शाबूत होता, फक्त दिसत नव्हता.

त्या मजकुरात आईच्या पाककृती होत्या. शेवटच्या वर्षी तिने एकेक सांगितली आणि मी रोमन लिपीत टिपून घेतली, कारण या डायरीत देवनागरी नाही. दुसरी प्रत नव्हती. आई आता नाही.

"कितीदा म्हटलं बाबा, फोनमध्ये घ्या," मुलगी म्हणाली. "आता हे डब्बा हो गया."

"पडदा गेलाय. डायरी चालू आहे," मी म्हणालो. "या डायरीसमोर तुझे चार फोन गेले."

मी सीपरी बाजारात मित्राच्या घरी गेलो. तो रेल्वेच्या सिग्नल विभागातून निवृत्त झालेला. रोज अशी डायरी वापरणारे झाशीत मला दोघेच माहीत आहेत, तो आणि मी. पडद्याला जोडणारी पट्टी आतून सुटली आहे, असे त्याने सांगितले. ती शेकून पुन्हा चिकटवायची तर मुख्य सेल काढावे लागतात. तेवढा वेळ मजकूर एका बटण सेलवर टिकतो. तो संपलेला असला तर सगळे पुसले जाते. म्हणून बटण सेल बदलला की आम्ही तारखेची चिठ्ठी डायरीच्या पाठीवर चिकटवतो.

त्याने चिठ्ठी वाचली. नोव्हेंबरची होती. त्याने झाकणाचा स्क्रू काढला.

"रुको," मी म्हणालो.

चिठ्ठी मी सेल आणायला निघण्याआधीच लिहिली होती. मानिक चौकातल्या दुकानात त्या दिवशी सेल मिळाला नाही, आणि पुन्हा जाणे राहून गेले. आत जुनाच सेल होता.

"ज़िंदगी भर अख़बार में रहे भाईसाब," तो म्हणाला, "और ख़बर घटना से पहले छाप दी."

"छाप दी."

खालच्या मजल्यावरचा मोबाईलवाला चहा घेऊन वर आला होता. "अंकल, म्यूज़ियम में दे दो इसको," तो म्हणाला.

"म्यूज़ियम में तेरा फ़ोन जाएगा, दो साल में," मित्र मान वर न करता म्हणाला. "चाय रख, जा."

त्याने बाहेर ठेवलेल्या दोन पेन्सिल सेलांच्या तारा डायरीत मुख्य सेल जिथे टेकतात त्या पत्र्यांना जोडल्या, म्हणजे वीज तुटणार नाही, आणि मगच आतले सेल काढले. पट्टीवर कागद ठेवून तिच्यावरून सोल्डरिंगचे गरम टोक तीनदा फिरवले. तिसऱ्यांदा अक्षरे उमटली. नवा बटण सेल त्याने स्वतःच्या डबीतला घातला.

घरी मुलीने फोन पुढे केला.

"आता तरी फोटो काढू द्या."

"काढ. वापरणार मी हीच."

तिने एकेका नोंदीचा फोटो काढला. सगळ्या पाककृती निघाल्या. पडद्याच्या उजव्या कडेची एक उभी रेघ अजून उमटत नाही.