बाईच्या तोंडाचा माउथपीस

बँडच्या मालकानं माझ्या हातात ट्युबा, म्हणजे बँडमधला तो सगळ्यांत मोठा पितळी भोंगा, दिला आणि त्याच्यासोबत फुंकायचा एक लहानसा माउथपीस. म्हणाला, "हा बाईच्या तोंडाचा." शेजारी उभे असलेले पुरुष वाजंत्री हसले. त्यांच्या शेजारी माझे वडीलही उभे होते. ते हसले नाहीत, पण त्यांनी मान खाली घातली. मला राग आला तो तिथूनच.

हा बँड पर्वत पाटियाजवळचा, कापडाच्या गोदामांच्या मागच्या गल्लीतला. मालक आमच्यासारखाच खानदेशातून या गुजराती शहरात आलेला. लग्नांत लोक लेडीज बँड मागू लागले, तशी त्यानं पांडेसरा आणि भेस्तानच्या वस्त्यांमधून बायका गोळा केल्या. कुणी साड्यांना लेस लावणारी, कुणी टिकल्या चिकटवणारी. मी घरी शिवणकाम करते. सगळ्यांना गुलाबी कोट आणि फेटे मिळाले. इतरांना वाजवणं शिकायचं होतं. मला येत होतं.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, दिवसा कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलमध्ये आणि लग्नसराईत याच बँडमध्ये ट्युबा वाजवायचे. बँडवाले त्याला बेस म्हणतात. लहानपणी त्यांनी मला नुसता माउथपीस हातात देऊन ओठ फडफडवायला शिकवलं होतं. दोन्ही गाल फुगवले की ते बोटानं दाबायचे, फुगलेल्या गालांनी सूर निघत नाही म्हणून. पुढे त्यांचा जुना बेस घरी असला की मी वाजवायचे. शेजारी विचारायचे, पोरगीला हे कशाला? आबा म्हणायचे, "तिले येस म्हनीसन." म्हणजे येतं म्हणून. तेच आबा त्या दिवशी खाली बघत उभे होते.

तो लहान माउथपीस मी मालकाच्या ट्युबाला लावला. लागलाच नाही. म्हणजे आत गेला, पण खोल गेला आणि डुगडुगू लागला. प्रत्येक ट्युबाच्या तोंडाची नळी सारखी नसते. आबांचा जुना बेस छोटा, त्याला बारीक दांडीचा, म्हणजे नळीत शिरणारं टोक बारीक असलेला, माउथपीस लागतो. मालकाचा नवा बेस मोठा, त्याची नळी रुंद. बारीक दांडी तिथे घातली की हवा बाजूनं निसटते आणि सूर जागेवर येत नाही. मी मालकाला तसं सांगितलं. त्यानं नळ दुरुस्तीची पांढरी टेप काढली, दांडीला गुंडाळली आणि म्हणाला, "झालं. आता नाही हलायचा."

"पण सूर येणार नाही."

"तुला कोण सूर काढायला सांगतंय, पोरी? धरायचा, गाल फुगवायचे, चालायचं. मागे गाडीवर स्पीकर आहे, त्यावर रेकॉर्ड केलेली गाणी लागतात, त्याच्या मागे पुरुष वाजवतात. लोकांना तुम्ही दिसल्या पाहिजेत."

मी बाकीच्या बायकांकडे पाहिलं. कुणाच्या क्लॅरिनेटला सूर काढणारी पत्तीच नव्हती. कुणाच्या ट्रम्पेटमध्ये कापडाचा बोळा होता. त्यांना वाटत होतं, शिकवणी अजून सुरू व्हायची आहे. माझ्या शेजारची बाई, जी रोज घरी आरशासमोर ओठ आवळून सराव करायची, ती त्या बोळ्याकडे बघत राहिली. मग तिनं ट्रम्पेट परत ओठांना लावला, कारण फोटोवाला आला होता.

घरी गेल्यावर मी आबांचे माउथपीस काढले. एकाची ओठांवर टेकते ती कड पातळ, हवा शिरते ती वाटी उथळ. दुसरा जरा खोल, पण दोन्हींची दांडी बारीक. छोट्या बेसवर दोन्ही लावून पाहिले. उथळ वाटीत वरचे सूर चटकन निघतात, खालचे मात्र पत्र्यासारखे वाजतात. खोल वाटीत खालचा सूर गोल होतो, पण श्वास लवकर संपतो. माझे ओठ जाड आहेत आणि वरचा एक दात थोडा पुढे आहे. पातळ कड त्या दातावर ओठ दाबते आणि थोड्याच वेळात आग होते. म्हणजे मला रुंद कड, खोल वाटी आणि मालकाच्या बेससाठी जाड दांडी हवी होती. यात बाईपणाचा कुठे काय संबंध होता?

वाद्यांच्या दुकानात गेले तिथेही तेच. काउंटरवरच्या माणसाला मी मोठ्या बेसचे माउथपीस दाखवा म्हटलं, तर त्यानं सगळ्यांत लहान पुढे सरकवला. "बेन, लेडीज माटे आ नानुं सारुं." म्हणजे बायकांसाठी हा लहानच बरा.

मी म्हटलं, "भाई, चपलेच्या दुकानात माझा पाय न बघता चप्पल देता का?"

त्यानं माउथपीसचा खोकाच काउंटरवर उलटा केला. मी सोबत आणलेल्या रुमालानं एकेक पुसून ओठांना लावला. एक इतका मोठा होता की त्यात नाकाचा शेंडा अडकत होता. त्यात माझी हवा कुठे जाते तेच कळेना. एकाची कड आतून धारदार होती. शेवटी एक सापडला, साधा, चांदीचा मुलामा थोडा उडालेला. ओठांवर टेकवला आणि फुंकला, तेव्हा दुकानाच्या काचा थरथरल्या. दुकानदार म्हणाला, "आ तो बहु मोटुं छे." मी तोच घेतला.

ज्या लग्नात आम्हाला मिरवायचं होतं ते दोन-तीन दिवसांवर होतं. मी कुणालाच काही सांगितलं नाही. आबांनाही नाही.

वरघोडा, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, संध्याकाळी उन्हं उतरताना निघाला. पुढे आम्ही गुलाबी कोटातल्या, मागे स्पीकरची गाडी, तिच्यामागे पुरुषांचा बँड, मग घोडा आणि वऱ्हाड. मी टेपवाला माउथपीस काढून कोटाच्या खिशात टाकला आणि माझा लावला. जरासा पीळ दिल्यावर तो घट्ट बसला. पहिलं गाणं सुरू झालं आणि मी वाजवू लागले.

मोठ्या बेसचा खालचा सूर पोटातून निघतो तेव्हा चालणाऱ्याचे पायही त्याच्याशी जुळतात. पुढच्या बायकांनी वळून पाहिलं. आमच्या बाजूनं चालणाऱ्या ढोलवाल्यानं माझ्या सुरावर ठोका टाकायला सुरुवात केली. नवरदेवाच्या काही मावश्या नाचता नाचता माझ्याजवळ आल्या. मी इतकी भरून वाजवत होते की मालक बाजूनं धावत आला ते मला दिसलंच नाही.

त्यानं वाजत असलेल्या ट्युबातून माउथपीस खेचून काढला.

कड माझ्या वरच्या ओठावर आदळली. रक्त आलं. तो दात आवळून म्हणाला, "गाडीवरच्या गाण्याचा सूर वेगळा आहे. माझी इज्जत घालवतेस? तुला धरायला ठेवलंय!" आणि माउथपीस स्वतःच्या खिशात टाकला.

मी ट्युबा रस्त्यावर ठेवला, अगदी मधोमध. मिरवणूक थांबली. गाणं चालूच राहिलं, कारण ते वाजवायला आमची गरजच नव्हती. मी मालकाच्या जवळ गेले, त्याच्या खिशात हात घातला आणि माझा माउथपीस काढून घेतला. तो मागे सरकला. "अंगाला हात लावतेस?" असं ओरडला.

"तुम्ही माझ्या तोंडाला हात घातलात," मी म्हटलं. "यांना सगळ्यांना सांगा, आम्ही वाजवत नाही. सांगा की वाद्यांत बोळे आहेत."

वऱ्हाडातला एक म्हातारा म्हणाला, "बेन, लग्नात भांडण नको." मोबाइल वर झाले होते, सगळे माझा रक्ताळलेला ओठ टिपत होते. एकानंही मालकाला काही विचारलं नाही. बायका जागच्या जागी उभ्या होत्या. आणि पुरुषांच्या ओळीत, स्पीकरच्या पलीकडे, आबा. त्यांचा बेस त्यांच्या खांद्यावर होता. मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी बेस ओठांना लावला आणि पुढचं कडवं सुरू केलं.

मी मागे जाऊन गुलाबी कोट घोड्याच्या लगामावर टांगला आणि रिक्षा पकडली.

आबा घरी आले तेव्हा मी ओठाला हळद लावून बसले होते. मी विचारलं, "तू एक शब्द का बोलना नही?"

"मालक शे तो," ते म्हणाले. "मी काय बोलू?"

"मी तुनी पोर शे."

ते पाणी प्यायले आणि आडवे झाले. हंगाम संपेपर्यंत ते त्याच बँडमध्ये जात राहिले. एकदाही म्हणाले नाहीत की त्यानं चूक केली. आमचं एका घरात राहून नेमकं कामापुरतं बोलणं व्हायचं. लोक म्हणतात, बापावर किती दिवस रागावणार? मालकाचं मला समजतं, त्याला दिखावा विकायचा होता. ज्यानं माझे गाल बोटानं दाबून मला फुंकायला शिकवलं, त्याचं मला समजत नाही.

मालकानं माझ्या जागी दुसरी बाई ठेवली. टेपवाल्या माउथपीसची गुंडाळी बदलली असेल, नसेल. मी शिवणाकडे परतले आणि छोट्या बेसवर घरीच वाजवत राहिले.

काही महिन्यांनी ट्रम्पेटमधला बोळा बघत उभी राहिलेली ती बाई माझ्या दारात आली. बँड आणि गुलाबी कोट सोडून आली होती. म्हणाली, "ताई, मला खरंच वाजवायचंय. पण ट्रम्पेट नको. तुमच्यासारखं ते मोठं."

मी तिला बसवलं आणि डब्यातले सगळे माउथपीस पुढे ठेवले. माझा मोठा तिच्या ओठांवर बसेना, तिचे ओठ पातळ, हनुवटी बारीक. आबांचा उथळ वाटीचा तिला बरोबर बसला. मला क्षणभर संताप आला, जणू मालकच खरा ठरला. मग मी तिला म्हटलं, "हा तुझ्या ओठांना बसतो, म्हणून हा. दुसऱ्या कुणी दुसरं कारण सांगितलं तर ऐकायचं नाही." तिनं मान हलवली आणि फुंकलं. नुसती हवा गेली.

"गाल," मी ओरडले, गरजेपेक्षा जास्तच जोरानं. "गाल फुगवू नको!"

ती घाबरली नाही. तिनं ओठ पुसले आणि पुन्हा फुंकलं.