मागं कोणी नाही

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. देवापुढं हात जोडतानासुद्धा मनातल्या मनात नाही. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही — म्हणून जमेल असं वाटतंय. आता कोण काय करणार मला? कोणीच काही नाही. पण भीती आहे, आणि ती त्या दिवसापासून गेलेली नाही.

मी लातूरला मेस चालवते. क्लासची पोरं दोन वेळा जेवायला येतात. चाळिशी ओलांडली तशी साखर वाढली, डॉक्टर म्हणाले चालत जा. चालता चालता मी पळायला लागले. पहाटे आम्ही चार-पाच बायका रिंग रोडला पळायचो, लोक वळून बघायचे. एकदा पेपरात फोटोही आला. खोटं कशाला बोलू — डोक्यात हवा गेली माझ्या.

शोभा माझी नणंद, नवऱ्याची धाकटी बहीण. तिचं सासर लोह्याचं, पण ती नोकरीला किनवटला होती, मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका. तिकडच्याच डोंगरात पळायची स्पर्धा ठरली. जंगलातल्या घाटानं वर चढायचं, पठारावरून वळसा घ्यायचा आणि दुसऱ्या अंगानं उतरायचं. मी माझं नाव दिलं, आणि शोभाला न विचारता तिचंही दिलं.

"वैनी, मला कुठं सवय हाय? पोरी हसतील ना मला," ती म्हणाली.

"हसू दे. मी हाय की संगं."

होळी होऊन गेली होती. पहाटे सुटायची स्पर्धा पाहुणे उशिरा आले म्हणून थांबून राहिली. भाषणं झाली, सत्कार झाले. आम्ही निघालो तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं.

जंगल म्हणतात, पण त्या दिवसांत सागाला पान नसतं. नुसते उभे खांब, सावली कुठंच नाही. वाळकी पानं पायाखाली कडाकडा मोडायची, आणि मला सारखं वाटायचं मागून कोणीतरी येतंय. येत कोणीच नव्हतं. सगळे पुढं गेले होते, आम्ही दोघीच शेवटी. शोभाला घेऊन चालावं लागत होतं आणि माझी चिडचिड होत होती. हेही सांगायलाच हवं.

अर्धा घाट चढेपर्यंत ती घामानं निथळत होती. पठाराजवळ आलो आणि मी तिच्याकडं पाहिलं — चेहरा कोरडा. लालबुंद आणि कोरडा. हात लावला तर चटका बसावा असं अंग. बाटलीतलं पाणी तिच्या तोंडाला लावलं, ते गालावरून खाली गेलं.

"वैनी, दूध उतू चाललंय. गॅस बंद कर ना," ती एका झाडाकडं बघून म्हणाली.

तुम्ही कधी असं पाहिलंय का — रोजचं माणूस, रोजचा आवाज, आणि आत ते माणूसच नाही? फोनला रेंज नव्हती. मी हाका मारल्या, कोणी ओ दिली नाही. ती रस्त्याच्या कडेला बसली आणि म्हणाली, "वैनी, तू जा फुडं. माणसं पाठव." मग मी पळाले.

सगळ्यांना मी हेच सांगत आले आहे.

पठार संपतं तिथं पाण्याचा शेवटचा मंडप होता. दोन माणसं जार टेम्पोत चढवत होती. गळ्यात शिट्टी अडकवलेल्या एकानं मला ग्लास दिला.

"ताई, मागं कोणी हाय का अजून?"

एवढंच विचारलं त्यानं. एका शब्दाचं उत्तर होतं. टेम्पो उभा होता, पाणी होतं, माणसं होती.

मी म्हणाले, "न्हाई. मीच शेवटची."

त्यानं शिट्टी वाजवली. मंडपाचे बांबू उपटले गेले. मी उतरायला लागले तेव्हा टेम्पो माझ्या शेजारूनच खाली गेला. मी हात केला नाही.

खाली माझ्या गळ्यात मेडल घातलं. नवरा थांबलेला होता. "शोभा कुठंय?"

"येऊन राहिली मागून. सावकाश येते म्हणाली."

तो घाटाकडं डोळे लावून बसला, आणि मी शेजारी बसून सरबत प्याले. पुन्हा पुन्हा तो उठायचा, चार पावलं जाऊन यायचा. शेवटी त्याला सरकारी दवाखान्यातून फोन आला. वाटेत मी त्याला सांगितलं, ती वर बसली होती, मी माणसं पाठवली होती; घाबरवायचं नव्हतं म्हणून आधी बोलले नाही.

खरं काय झालं ते मागाहून तिथल्या नर्सनं मला एकटीलाच सांगितलं. मोहाची फुलं वेचणारी एक बाई तिकडून चालली होती. तिनं शोभाला पाहिलं. प्यायला आणलेलं सगळं पाणी तिच्या अंगावर ओतलं, ओल्या लुगड्याच्या पदरानं तिला पुसत राहिली, आणि रस्त्यावर आडवी उभी राहून एक मोटरसायकल थांबवली. तो मोटरसायकलवाला दवाखान्यात सांगत होता, "वर एका बाईनं सांगितलं, कोणीतरी पडलंय म्हणून."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी मान खाली घातली. नवऱ्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "तू होतीस म्हणून."

त्या मोटरसायकलवाल्याला कुणी पुन्हा विचारलं नाही, कोण बाई ते. त्या बाईला शोधायला कोणी गेलं नाही. तिचं नाव आमच्यात आजही कुणाला माहीत नाही.

शोभाला नांदेडला हलवलं. किडनीनं काम सोडलं होतं, मशीन लावलं. ती वाचली. पण जीभ जड झाली, डावा हात कापतो, उन्हाळ्यात चुलीपुढं उभं राहवत नाही. नोकरी सुटली. त्या दिवसातलं पाहुण्यांच्या भाषणापुढचं तिला काही आठवत नाही. पाहुण्यारावळ्यांत मात्र ती सांगते — अडखळत, पण पूर्ण सांगते — "वैनी पळत गेली म्हणून मी हाय." दर दिवाळीला मला साडी आणते. मी नेसते ती. दुसरं काय करू?

गेल्या दिवाळीत ती माझ्या स्वयंपाकघरात बसली होती. मी पोळ्या लाटत होते.

"वैनी, मला एक दिसतंय कधी कधी. मी कुणाचा तरी हात धरलाय घट्ट. आन् ते माणूस माझं एकेक बोट सोडवून राहिलंय. कोण असंल गं?"

माझं लाटणं थांबलं नाही. "सपान असंल," मी म्हणाले.

ते स्वप्न नव्हतं. वर मी लिहिलं, ती म्हणाली तू जा, माणसं पाठव. ती असं म्हणाली नव्हती. ते मी दवाखान्याच्या वाटेवर रचलं. ती बसली, तिनं माझं मनगट धरलं, आणि मधेच एकदा तिची नजर निवळली. तिनं मला ओळखलं. म्हणाली, "वैनी, जाऊ नको."

आणि मी तिची बोटं सोडवली. एकेक करून. जोर लावावा लागला. ती माझा हात धरून मरेल असं वाटलं मला, आणि त्या रानात मेलेल्या माणसाजवळ एकटीनं बसायचं — या एका विचारानं मी वेडीपिशी झाले. सुटल्यावर ती एका अंगावर कलली. मी पाहिलं ते. पाहून पळाले.

मग मंडपात का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर ती जिवंत सापडली असती. जिवंत सापडली तर बोलली असती. त्या ग्लासातलं पाणी पिताना मला ती सापडायला नको होती. नांदेडला दवाखान्याच्या बाकावर सासूबाई जप करत होत्या, मीही डोळे मिटून बसले होते. सासूबाई मागत होत्या की तिनं डोळे उघडावेत. मी मागत होते, उघडू नयेत.

येत्या जूनपासून शोभाची पोरगी लातूरला क्लास लावतेय. माझ्याचकडं राहणार आहे. शोभानं काल फोन केला होता. म्हणाली, "तुझ्यापाशी हाय म्हणल्यावर मला घोर न्हाई."

मी म्हणाले, "पाठव."