आग्रहाची सवय

पहिल्याच विचारण्याला "हो" म्हणणारा माणूस मी लहानपणी आमच्या घरी पाहिला नाही. डोंबिवलीला आमचं कौलारू घर होतं, समोर भाताची खाचरं. जेवायला बसलेला शेजारी असो की वडिलांच्या शाळेतले मास्तर, तो ताटावर हात आडवा धरून "नको नको, पोट भरलं" म्हणायचा आणि आई त्या हाताखालून पोळी सारायची. त्याने परत नको म्हणायचं, तिने परत वाढायचं. त्यानंतरही माणूस अडून बसला तर ते खरं नको. यात ढोंग आहे असं आम्हाला कधी वाटलं नाही. भूक ज्याची त्याने कबूल करायची नाही, ती दुसऱ्याने ओळखायची, एवढीच रीत.

ही रीत अंगात मुरलेली असताना मी एक्कावन्न साली विलायतेला नोकरीला गेले. संस्कृत घेऊन एम. ए. झालेली, लग्न न जमलेली (न जमवलेली, हे जास्त खरं) मुलगी. तिकडच्या उत्तरेतल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात आपल्याकडच्या पुस्तकांचा ढीग पडला होता आणि त्याची सूची करायला मराठी-संस्कृत जाणणारं माणूस हवं होतं. माझ्या प्राध्यापकांनी माझं नाव सुचवलं. वडील "जा" म्हणाले. आईने मेतकुटाचा डबा भरून दिला.

तिथे सकाळी अकराला सगळा कर्मचारीवर्ग मागच्या खोलीत चहाला जमायचा. पहिल्या दिवशी किटली घेतलेल्या बाईने विचारलं, चहा घेणार का. मी सवयीने "नको" म्हटलं. ती हसली आणि पुढे गेली. पुढे गेली ती गेलीच! दुसऱ्या दिवशी तेच, बिस्किटांचंही तेच. मी आपली भुकेली, त्यांच्या तोंडाकडे बघत बसलेली. ही माणसं इतकी कोरडी कशी, म्हणून मनातल्या मनात चडफडत होते. शेवटी एक दिवस थंडीने बोटं आखडली तेव्हा लाज गुंडाळून ठेवून "हो" म्हटलं आणि कप मिळाला. बस, इतकं सोपं होतं.

चहापुरती मी शिकले. पण दुसऱ्या वर्षी आमच्या ग्रंथपालांनी मला खोलीत बोलावलं. उंच, जरासे वाकलेले, कोटावर कायम बिस्किटांचा भुगा. विभागात एक कायमची जागा होणार होती, तुमचं नाव घालू का, म्हणाले. ती जागा मला हवीच होती, कायम नसलेल्या माणसाला दरवर्षी आपण पुढच्या वर्षी असू की नाही या विचाराने झोप लागत नाही. आणि तोंडातून काय निघालं? "छे, माझी कुठे एवढी लायकी, माझ्याहून अनुभवी लोक आहेत." एवढं बोलून मी खाली बघत थांबले. त्यांनी पुन्हा विचारायची वाट बघत थांबले. ते म्हणाले, बरं झालं मोकळेपणाने सांगितलंत. जागा ज्याला मिळाली त्याला मराठी पुस्तक सुलटं कुठलं नि उलटं कुठलं हेही कळत नव्हतं. मी कोट टांगायच्या खोलीत जाऊन रागाने रडले. राग त्यांचा, माझा, आणि ताटावर हात आडवा धरणाऱ्या माझ्या सगळ्या गोतावळ्याचा.

तरी काम सोडलं नाही, कारण कामाने मला धरून ठेवलं होतं. आपल्या लेखकांची नावं तिथे कुणी वडिलांच्या नावाखाली लावलेली, कुणी आडनावाखाली, त्यामुळे एकाच माणसाची पुस्तकं वेगवेगळ्या खणांत हरवलेली. मी सूचीचं एकेक कार्ड काढून सगळी नीट एका जागी आणली. पुढे अडलं की लोक एकमेकांना सांगायला लागले, तिला विचारा. परक्या गावात, परक्या माणसांत "तिला विचारा" हे ऐकण्याची चव मी कशी सांगू? मला तिथे आपलं असं काहीतरी मिळालं होतं.

छपन्नच्या उन्हाळ्यात रजा घेऊन घरी निघाले तेव्हा ग्रंथपालांनी पुन्हा बोलावलं. आता विभागच माझ्याकडे द्यायचा होता, कायमचा. या वेळी मी सरळ सांगितलं, मला हवं आहे, पण घरी जाऊन येऊ द्या, तिथून तार करते. त्यांनी ऑगस्टअखेरपर्यंत मुदत दिली.

आणि घरी आल्यावर मला कुठेच बसवेना. जेवताना आईने "पोळी वाढू?" विचारलं की मी पटकन "हो" म्हणायचे, तिचा हात तसाच राहायचा. "नको" म्हटलं तर खरंच नको असायचं आणि तिने वाढली की मी वैतागायचे. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "विलायतेला जाऊन पोरगी हावरट झाली की काय गं!" आई हसली नाही. "परक्यासारखं काय बोलतेस?" एवढंच मला म्हणाली.

मी चपला घालून ठाकुर्लीच्या वाटेला लागायचे. वीजघराची धुराडी दिसेपर्यंत चालत गेलं की वाटायचं, घरी आई एकटी असेल, परत फिरावं. घरी आलं की पुन्हा पाय वळवळायचे. तिथे असताना मला या खाचरांचा वास आठवायचा, आणि इथे ओसरीवर बसले की कार्डांचे खण डोळ्यांपुढे यायचे. स्वतःचा इतका संताप मला कधी आला नव्हता.

वडिलांनी दरम्यान ठाण्याच्या एका शाळेत शब्द टाकला. हेडमास्तर त्यांचे जुने स्नेही. संस्कृतची जागा रिकामी होती. आम्ही दोघं भेटायला गेलो, चहा झाला.

"मग येता ना आमच्याकडे?" त्यांनी विचारलं.

"विचार करून सांगते."

"अहो, विचार कसला! घरची शाळा समजा." मग थोड्या वेळाने परत, "तुमच्यासारखी माणसं इथेच हवीत. बघा, नाही म्हणू नका."

वडील खुलले. परतीच्या वाटेत ते जागा ठरल्यासारखंच बोलत होते आणि मी आतून उकळत होते. पण खरं सांगायचं तर कुणीतरी मला पुन्हापुन्हा विचारलं, याने मी विरघळलेही होते. पाच वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी आणखी एकदा म्हटलं असतं तर मी मान हलवली असती. माझी ही कमजोरी मला ठाऊक होती. आईला तर माझ्याआधीपासून.

तारेचा शेवटचा दिवस आला. श्रावण चालू होता, आई मागच्या पडवीत भिजवलेले वाल सोलत बसली होती. मीही समोर बसून सोलायला लागले.

"इथेच राहतेस का गं?" वर न बघता तिने विचारलं.

मी गप्प बसून वाट बघायला लागले, लहानपणी बघायचे तशी. आता ती परत विचारेल, मी नाही म्हणेन, ती परत विचारेल, आणि मी राहीन. पोस्टमनलाही गूळ-पाणी घेतल्याशिवाय जाऊ न देणारी बाई ती. माझं सगळं आयुष्य तिच्या एका वाक्यावर येऊन थांबलं होतं आणि ते तिला माहीत होतं.

वालाची सालं तिने परातीच्या कडेला सारली.

"परदेशची तार कल्याणहून जाते ना? पाचला बंद होईल ते ऑफिस," ती म्हणाली. "छत्री घेऊन जा."

मी तार करून आले. रात्री जेवताना तिने पोळी वाढू का विचारलं. मी ताटावर हात आडवा धरला, "नको" म्हटलं. तिने हाताखालून पोळी सारली. परत नको म्हटलं, परत वाढली. भूक अजिबात नव्हती, पण तिचा हात थांबेपर्यंत मी नको नको म्हणत जेवत राहिले.