कुंपणातला अर्फज

कुवेतच्या खाडीपलीकडे उत्तरेला जमीन हळूहळू चढत जाते आणि वर उघडं, खडकाळ पठार लागतं. आम्ही रत्नागिरीची माणसं अशा जागेला सडा म्हणतो. साठच्या दशकात तिथल्या एका तुकड्याला आम्ही तारेचं कुंपण घातलं होतं. शेळ्या आणि उंटांपासून राखलं, तर तिथली अर्फजची झुडपं पुन्हा आपसूक उगवतील का, हे पाहायचं होतं.

मी वनस्पतिशास्त्राची पदवीधर. नवरा शुऐबा बंदरात नोकरीला, घर फिंतासला. मला कामावर घेणारे संशोधक डॉक्टर इजिप्तचे, मनाने चांगले पण उतावळे. दोन हिवाळे कुंपणात अर्फजचं एकही रोप दिसलं नव्हतं. त्या सकाळी जीपमध्येच त्यांनी सांगितलं, की आज शेवटची पाहणी, मग तारा काढायच्या.

वारा बोचरा होता. मी लाकडी चौकट जमिनीवर टाकायची, आत उगवलेलं रोपन् रोप सांगायचं आणि डॉक्टरांनी टिपून घ्यायचं. दुपारपर्यंत नुसतं गवत. मग एका वाळक्या झुडपाच्या आडोशाला बोटाच्या पेराएवढी रोपं दिसली, चार-पाच, एकमेकांना खेटून. घरी दुधाच्या पावडरीच्या डब्यात मी अर्फज लावून पाहिला होता, तो असाच झुबक्याने उगवला होता.

डॉक्टर वाकले आणि तण आहे म्हणाले. मी खुरप्याने ओलसर माती सैल केली आणि झुबका मुळासकट अलगद उचलला. मुळांना मागल्या हंगामात गळलेलं अर्फजचं सुकं फूल घट्ट धरून होतं. बिया त्याच्याच पोटात रुजल्या होत्या.

"तण असं आईला बिलगून उगवत नाही, डॉक्टर," मी म्हटलं.

ते तिथेच मातीत बसले. झुबका तळहातावर घेऊन त्यांनी एकेक मूळ निरखलं. मग पेन्सिल माझ्यापुढे धरली.

"आता लिहायचं तुम्ही. चौकट मी टाकतो."

उन्हं कलेपर्यंत आम्ही थांबलो नाही. कुंपणात जागोजागी झुबके सापडले. तारेबाहेर एकही नाही. दर वेळी डॉक्टर गुडघ्यांवर बसून मोठ्याने आकडा सांगायचे. परतताना तारा काढायची गोष्ट कुणी काढली नाही.

फिंतासला पोचले, तर माझा धुळीने माखलेला चेहरा बघून नवरा घाबरला. चपला काढायच्या आधीच मी सगळं सांगायला लागले. भात निवून गेला तरी तो ऐकत होता.