मांगलं तेच भेटलं

अमरावतीची गाडी हिवरखेडच्या स्टँडवर लागली, तेव्हा बाबांनी सगळ्यांत आधी कंडक्टरला गाठलं. "साहेब, पोरगी इंजिनिअरिंगले चालली. जे कॉलेज मांगलं तेच भेटलं तिले, पयल्याच झटक्यात! जरा नीट उतरवजा." कंडक्टरनं मान डोलावली. माय खिडकीखाली उभी राहून ठेच्याची बाटली सरळ ठेवली का, हे तिसऱ्यांदा विचारत होती. मी गजाला धरून बसले होते. ते कॉलेज मला नकोच होतं.

बाबा जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलतात. आमच्या खानदानात बारावीच्या पुढं कोणी गेलं नव्हतं, म्हणजे विचारायचं तरी कोणाला? सीईटीत मार्क मस्त पडले. मग कॉलेजांची यादी ऑनलाइन भरायची होती, म्हणून बाबा इस्त्रीचा शर्ट घालून माझ्यासोबत तेल्हाऱ्याच्या नेट कॅफेत आले. वहीत मी पुण्याचं सरकारी कॉलेज सगळ्यांत वर लिहिलं होतं.

"पुणं वरतं कावून? आधी जवळचं लिवावं."

आमच्याकडं लग्नाची पत्रिका वाटतात तेव्हा पहिली विहारात ठेवतात, मग शेजारीपाजारी, मग बाहेरगावचे पाहुणे. दूरच्याला आधी दिली तर जवळचा रुसतो, पार मांडवात येत नाही. बाबांच्या लेखी यादी म्हणजे हीच. "दूरचं खाली राहू दे. ते का पळून चाललं? भेटलं त जाजो." मलाही तसंच वाटलं. सगळी कॉलेजं कळवतील, मग आपण निवडू. नियम इंग्रजीत होता, शेवटच्या पानावर: पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं मिळालं की तेच घ्यायचं, पुढच्या फेऱ्या बंद. तो ना कॅफेवाल्यानं वाचला, ना मी. अमरावती वर घातलं आणि बाहेर येऊन आम्ही बापलेक मजेत उसाचा रस प्यायलो.

पहिल्याच फेरीत अमरावती लागलं. पुण्याची यादी नंतर मोबाइलवर पाहिली, तर माझ्या मार्कांवर तिथं सीट मिळत होती. मी मोरीत जाऊन तोंडात ओढणी कोंबून रडले. बाहेर बाबा गल्लीभर पेढे वाटत होते, "पोरीनं जे मांगलं तेच भेटलं!" आता त्या माणसाला काय सांगायचं, बाप्पा? मी चूप बसले.

अमरावती वाईट नाही. माणसं आपली, भाषा आपली, शनिवारी दुपारी निघालं तर दिवेलागणीला घरी. पण आमच्या कॉलेजात कंपन्या यायच्या त्या हारतुरे घेऊन, फोटो काढून निघून जायच्या. चार वर्षं संपली आणि मी त्याच कॉलेजात लॅब असिस्टंट म्हणून चिकटले, तेही कंत्राटी. तिसरं वर्ष चालू आहे. सकाळी चाळीस कॉम्प्युटर चालू करायचे, संध्याकाळी बंद करायचे. जूनमध्ये पुढच्या ऑर्डरसाठी ऑफिसबाहेरच्या बाकावर बसायचं. माझ्यापेक्षा कमी मार्कांच्या, पुण्याला गेलेल्या पोरी आता फोनवर हाइक अन् नोटीस पिरियडच्या गोष्टी करतात. मी हो हो म्हणते. गेट तेच, वॉचमन तोच, फक्त तो आता मला मॅडम म्हणतो.

आणि दर रविवारी बाबांचा फोन. मागं जिनिंगमधलं कोणीतरी बसलेलं असायचंच, त्याला ऐकू जाईल असं ते मोठ्यानं बोलायचे. "जे मांगलं तेच भेटलं तिले. आता तिथंच नोकरी!" माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. बाबांवर इतका राग यायचा की फोन आपटावासा वाटायचा, आणि मग त्या रागाचीच लाज वाटायची.

यंदा करुणाची पाळी आली. धाकटी माझ्यापेक्षा हुशार. फॉर्म भरायला मी मुद्दाम रजा घेऊन घरी गेले. माझा लॅपटॉप उघडला तर बाबा चष्मा लावून शेजारी हजर. "पयलं अमरावती घाल. ताई हाये तिथं." करुणा टाइप करायला लागली.

"थांब," मी म्हटलं. "बाबा, मले ते कॉलेज नको होतं. आपण वरतं लिवलं म्हणून गळ्यात पडलं. पुण्याले माया नंबर लागत होता."

बाबांनी चष्मा काढला. "मंग तवा कावून नाही बोलली?"

"तुमी पेढे वाटून राहिले होते."

ते उठले, रांजणातून पाणी घेऊन ओसरीत उभ्यानं प्यायले. परत येऊन करुणाला एवढंच म्हणाले, "पुणं वरतं घे. अमरावती काढूनच टाक."

करुणाला पुणं लागलं. तिची गाडी त्याच स्टँडवर लागली, मायनं तशीच ठेच्याची बाटली भरून दिली. बाबांनी बॅग वर ठेवली, खाली उतरले आणि कंडक्टरशी एक शब्द बोलले नाहीत.

मला वाटलं होतं, खरं बोलले की सुटेन. कुठची सुटते! सकाळी चाळीस कॉम्प्युटर आहेतच. रविवारी फोन येतो, पाणी आलं का, जेवली का, एवढंच बोलणं होतं. परवा मागून कोणीतरी विचारलं, "थोरली कुठं असते?" मी मोबाइल कानाला घट्ट दाबून धरला. बाबा म्हणाले, "अमरावतीले." बस. पुढं काही नाही.

घर म्हणजे माझ्यासाठी माय, ओसरी, रांजण हे सगळं आहेच. पण आख्ख्या हिवरखेडात माझी फुशारकी मारणारा एकच माणूस होता, आणि त्याचं तोंड मी बंद केलं.